उणे अठरा अंश

आमच्या दोघांच्या घरात एक फ्रीज आहे आणि त्याशिवाय एक उभा फ्रीझर आहे, हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "दोन माणसांना एवढं लागतं काय?" परवा लग्नात भेटलेल्या चुलत नणंदेनंही हेच विचारलं. दरवेळी तोंडी उत्तर देण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकावं म्हटलं. शिवाय भाचीने नुकताच असा फ्रीझर घेतलाय आणि तिचे दिवसाआड फोन येतायत, "मावशी, याच्या कुशी गरम लागतात, बिघडला का गं?" तेव्हा हा लेख तिलाही उपयोगी पडेल.

दुकानांतून आडवे, वरून उघडायचे पेटीसारखे डीप फ्रीझर आपण सगळ्यांनी पाहिलेत. आमचा तसा नाही. कपाटासारखा उभा, पुढून उघडणारा, आत सहा खण. थंड हवा जड असते, त्यामुळे आडव्या पेटीचं झाकण उघडलं तरी ती आतच बसून राहते. उभ्याचं दार उघडलं की सगळी थंडी पायांवर सांडते. वीज वाचवायला पेटी चांगली, हे खरं. पण पंचाहत्तरीच्या बाईने पेटीत कमरेपर्यंत वाकून तळातला मटार शोधायचा म्हणजे तिलाच कोणीतरी बाहेर काढायला हवं! उभ्यात खण ओढला की वस्तू समोर. खण बंद असले की दार उघडूनही बरीचशी थंडी आत राहते.

आम्ही हा घेतला २०१४ मध्ये, आणि त्याचं कारण आंबा. लेक अमेरिकेत. मुलांच्या शाळा, जावयांची रजा, सगळं जमवून ती येते डिसेंबरात. आणि हापूस येतो एप्रिल-मे मध्ये. या दोन महिन्यांची आणि त्या एका महिन्याची गाठ घालून देणं साध्या फ्रीजच्या वरच्या कप्प्याला जमत नव्हतं. तिथे बर्फाचा ट्रे, दोन आइस्क्रीमचे डबे आणि दळून आणलेला मसाला ठेवला की जागा संपली. मग "हे" एक दिवस म्हणाले, "घेऊन टाकू. पेन्शन कशासाठी असते?"

आता सवय अशी झालीय की वर्षाचं पंचांगच त्या सहा खणांत आहे. जानेवारीत मंडईत मटार स्वस्त होतो. सोलून, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकून, लगेच बर्फाच्या पाण्यात घालायचा. हे का करायचं? तर दाण्यात विकरं असतात, ती थंडीतही हळूहळू आपलं काम करत राहतात आणि दाण्याचा रंग आणि चव घालवतात. उकळत्या पाण्याने ती थंडावतात. मग कोरडा करून, ताटात पसरून गोठवायचा आणि त्यानंतर पिशवीत भरायचा. म्हणजे दाणा सुटा राहतो, पिशवी आपटून वीट फोडावी लागत नाही. त्याच सुमाराला सोलाणे. मे महिन्यात आमरस, पाणी न घालता. पावसाळ्यात मक्याचे दाणे. दिवाळीच्या आसपास सासवडकडून सीताफळं येतात, त्यांचा गर. आणि बाराही महिने खवलेला नारळ, होळीचं उरलेलं पुरण, आल्याचे तुकडे.

एक लक्षात ठेवायचं. डबा कधीही काठोकाठ भरायचा नाही. पाण्याचा बर्फ झाला की ते सुमारे नऊ टक्के फुगतं. मी मराठी आणि भूगोल शिकवत असे, पण पाणी गोठताना खडक कसे फुटतात हे भूगोलातच शिकवतात की! बरणीचंही तेच होतं.

आणि गोठवण्याने जंतू मरत नाहीत, ते फक्त निपचित पडतात. बाहेर काढून पदार्थ वितळला की ते पुन्हा जागे होतात. म्हणून वितळवायचं ते फ्रीजच्या खालच्या भागात, रात्रभर ठेवून. ओट्यावर नाही. आतलं तापमान उणे अठराच्या आसपास असावं लागतं. मी पहिल्याच महिन्यात एक साधा तापमापक आणून मधल्या खणात ठेवला, तो आजही तिथेच आहे. दारावरच्या आकड्यापेक्षा माझा त्याच्यावर जास्त विश्वास.

आमच्या लहानपणी थंड पाणी म्हणजे वाळा घातलेला माठ. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात फ्रीज एकाच बिऱ्हाडात होता. गोदरेजने देशी फ्रीज बनवायला सुरुवात केली १९५८ मध्ये. वाड्यात तो यायला त्यानंतर बरीच वर्षं गेली. पण आला तो जणू सगळ्या वाड्याचाच आला. कोणाला ताप आला की बर्फ त्यांच्याकडून, कोणाकडे पाहुणे आले की सरबताचा बर्फ त्यांच्याकडून. त्या काकू कुरकुरल्याचं मला आठवत नाही. फक्त एकच नियम होता, दार त्याच उघडणार. लहानपणी आम्हाला तो त्यांचा तोरा वाटायचा. आज मला तो नियम शंभर टक्के पटतो!

त्याही आधी, मुंबईत १८३४ मध्ये बर्फ आला तो थेट अमेरिकेहून, जहाजाने. तिथल्या तळ्यांवरचा हिवाळ्यातला बर्फ कापून, लाकडाच्या भुश्शात गुंडाळून चार महिन्यांचा प्रवास, तोही विषुववृत्त दोनदा ओलांडून. बराच वितळायचा, पण उरायचाही. यंत्र नाही, वीज नाही, फक्त भुसा. ही गोष्ट मी वर्गात मुलांना सांगत असे, आणि पुढे माझ्याच उपयोगी पडली. ते खाली येईलच.

आता भाचीसाठी देखभालीचं.

कुशी गरम लागणं हे फ्रीझरच्या आरोग्याचं लक्षण आहे. आतली उष्णता बाहेर टाकायच्या नळ्या नव्या यंत्रांत बाजूच्या पत्र्याच्या आत बसवलेल्या असतात. आतून ओढलेली उष्णता कुठेतरी जायला हवी ना? म्हणून दोन्ही बाजूंना आणि मागे चार बोटं तरी जागा सोडायची, आणि वर कपड्यांचा ढीग रचायचा नाही. उलट कॉम्प्रेसर गुरगुरतोय आणि कुशी गारच आहेत, असं झालं तर काळजी करायची. बहुधा गॅस गळलेला असतो.

गॅसवरून आठवलं. "गॅस संपलाय, भरून देतो" असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नये. फ्रीझरमधला गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नसतो, तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते बुजवल्याशिवाय नवा भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. पूर्वी आर-१२ नावाचा गॅस असे, तो ओझोनच्या थराला घातक निघाला आणि १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बाद झाला. आमच्या फ्रीझरच्या पाठीवर आर-६००ए लिहिलंय. तो ज्वलनशील असतो. प्रमाण थोडंसंच, पण त्याच्या नळ्यांना जाळ लावणारा माणूस माहीतगारच हवा.

आमचा फ्रीझर आपोआप बर्फ वितळवणारा नाही. त्यामुळे आत बर्फाचा थर साचतो, पावसाळ्यात जास्तच, कारण दार उघडलं की दमट हवा आत जाते. थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड झाला की साफ करायचा. बर्फ स्वतः उष्णता अडवतो (एस्किमो त्याचीच घरं बांधत), म्हणजे थर जितका जाड तितकी यंत्राची मेहनत वाया. मी वर्षातून दोनदा करते. एकदा मार्चअखेर, आंबे यायच्या आधी, आणि एकदा नवरात्राच्या सुमारास. तेव्हा साठा कमी असतो. सामान वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात, प्लग काढायचा, खणांच्या जागी गरम पाण्याची पातेली ठेवायची आणि दार बंद करून चहा प्यायचा. बर्फ आपोआप सुटतो. सुरी, उलथनं, पेचकस काहीही लावायचं नाही. नळीला टोचलं तर फ्रीझर कायमचा गेला समजा. शेवटी सोड्याच्या पाण्याने पुसायचा.

दाराचं रबर दोन महिन्यांनी कोमट साबणाच्या पाण्याने पुसावं. ते घट्ट बसतंय का हे बघायला दहाची नोट दारात अर्धी अडकवून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघून आली तर तिथून थंडीही निघून जातेय. अशी चारही बाजूंनी परीक्षा घ्यायची.

स्टॅबिलायझर लावलाय, वायर आणि सॉकेट जाड, सोळा अँपिअरचं. एक्स्टेंशन बोर्ड नाही. आणि हे हसतात तो माझा आवडता प्रकार म्हणजे नोंदवही! चाळीस वर्षं हजेरी घेतलेली बाई आहे मी. कुठल्या खणात काय, किती, कधी ठेवलं, हे दारावरच्या कागदावर असतं. काढलं की खोडायचं. त्यामुळे दार उघडून विचार करत उभं राहावं लागत नाही. विचार दार उघडायच्या आधी करायचा.

आणि गावाला जाताना करायची एक युक्ती. वाटीभर पाण्याचा बर्फ करायचा आणि त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून वाटी आतच ठेवायची. परत आल्यावर नाणं वरच असेल तर सगळं ठीक. तळाला गेलेलं असेल तर आपण नसताना वीज जाऊन सगळं वितळलं आणि पुन्हा गोठलं, असा अर्थ. तसं असेल तर मोह न धरता टाकून द्यायचं.

इथवर झालं वस्तूचं. आता जे सांगण्यासाठी खरं लिहायला बसले, ते.

२०२३ सालची गोष्ट. आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. ती हिंजवडीला नोकरी करते. बाळंतपणाची रजा २०१७ च्या कायद्यापासून सव्वीस आठवडे झाली, पूर्वी बारा होती. तेवढी संपली आणि ती कामावर जाऊ लागली. एक दिवस संध्याकाळी खाली आली, जरा संकोचून म्हणाली, "काकू, एक विचारू? तुमच्या फ्रीझरमध्ये एक खण मिळेल?" ऑफिसात मशीनने दूध काढून ती थंड पेटीतून घरी आणत असे. पण तिच्या फ्रीजचा वरचा कप्पा दिवसातून दहा वेळा उघडायचा, त्यात दूध नीट टिकत नव्हतं. उणे अठरात आईचं दूध सहा महिने चांगलं राहतं.

खरं सांगते, क्षणभर मला काही सुचेना. आमच्या काळी हा विषय बोलायचाही नसे. माझी लेक झाली तेव्हा मी तीन महिन्यांनी शाळेत रुजू झाले आणि मधल्या सुट्टीत पदर भिजलेला लपवत शिक्षकांच्या खोलीत बसून राहायचे. दूध वाया जायचं आणि घरी लेकीला बाटली. ते असंच असतं, असं समजायचं. म्हणजे तेव्हा असा काही उपाय कुणाला सुचलाच नव्हता का? सुचला होता. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आईच्या दुधाची बँक सुरू केली, आशियातली पहिली. आता पुण्यातही अशा बँका आहेत. पण माझ्या वेळेला ते सगळं पुढे होतं.

मी वरचा खण रिकामा करून दिला. मटार खाली गेला. नोंदीच्या कागदावर तिने स्वतःच्या अक्षरात नवा रकाना आखला, प्रत्येक पिशवीवर तारीख. रोज संध्याकाळी ती यायची, पिशव्या ठेवायची, सकाळी तिच्या सासूबाई त्या दिवसापुरत्या घेऊन जायच्या. जुनी आधी, नवी नंतर. मला शिकवायला काही उरलंच नाही.

जुलैत एका मंगळवारी दुपारी चार वाजता वीज गेली. गुरुवारी दुरुस्तीसाठी जाते तशी नव्हे. तशी असती तर संध्याकाळपर्यंत आली असती. पावसात जमिनीखालची केबल गेली होती. तेव्हा खणात अडतीस पिशव्या होत्या, आणि तिला दुसऱ्याच दिवशी पहाटे कामासाठी बंगळूरला जायचं होतं, तीन दिवस.

रात्री ती खाली आली. "काकू, एकदा उघडून बघू का? मऊ झालं असेल तर..." तिचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, "नाही. उघडलंस तर मऊ होईल." फळ्यावर गणित मांडावं तसं तिला सांगितलं. भरलेला फ्रीझर बंद राहिला तर दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस. आणि आपला गच्च भरलाय. खाली तीन खण नुसता आमरस आहे, दगडासारखा. तो वितळल्याशिवाय तुझं दूध कसं वितळेल? मग आम्ही तिघांनी मिळून आधी फ्रीझरचं बटण बंद केलं, वीज येताना झटका बसू नये म्हणून, आणि घरातल्या सगळ्या गोधड्या त्याच्याभोवती गुंडाळून दोरी बांधली. गोधडी ऊब देते असं आपण म्हणतो, पण तिचं काम फक्त उष्णता अडवायचं. आतली बाहेर जाऊ देत नाही, तशी बाहेरची आत येऊ देत नाही. मुंबईच्या बर्फाला भुसा, आमच्या बर्फाला सासूबाईंच्या हातची गोधडी.

ती पहाटे गेली. दिवसभर दर दोन तासांनी फोन. "आली का हो वीज?" बुधवारी संध्याकाळी साडेसातला आली. आम्ही गोधड्या सोडल्या (कुशी मोकळ्या हव्यात ना!), स्टॅबिलायझरचा काटा स्थिर होईपर्यंत दहा मिनिटं थांबलो आणि बटण लावलं. आतून "घूं" असा आवाज आला, चार-पाच सेकंदांनी "टक्क", आणि शांत. तीन मिनिटांनी पुन्हा घूं, पुन्हा टक्क. साडेसत्तावीस तास निभावून नेले आणि वीज आल्यावर यंत्रच सुरू होईना!

मी क्रमाने बघत गेले. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावला, लागला. व्होल्टेज दोनशे वीसच्या वर, म्हणजे तोही दोष नाही. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "काकू, टक्क वाजायच्या आधी कॉम्प्रेसर थरथरतो का? हात लावून सांगा." थरथरत होता. "मग कॉम्प्रेसर जिवंत आहे. बंद करून ठेवा, मी येतो. तोवर दार उघडू नका."

तो यायला दहा वाजले. ते अडीच तास मी विसरणार नाही. कोपऱ्यावरच्या आइस्क्रीमवाल्याने "आणा माझ्याकडे" म्हणून निरोप दिला होता. हे म्हणत होते, नेऊ या. सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होत्या, काही बोलत नव्हत्या. निर्णय मात्र माझ्यावर सोडलेला. काढायचं म्हणजे दार उघडायचं, पावसातून न्यायचं, दुसऱ्या खणात रचायचं. अठ्ठेचाळीसातले तीसही झाले नव्हते. मी म्हटलं, दहापर्यंत थांबू. तो आला नाही तर नेऊ.

आला. छत्री दारात ठेवून सरळ मागे बसला, कॉम्प्रेसरच्या अंगावरची एक छोटी काळी डबी ओढून काढली आणि कानाशी हलवली. खुळखुळ्यासारखी वाजली. "रिले. आतली चकती फुटलीय. हीच कॉम्प्रेसरला पहिला धक्का देते. नऊ वर्षं झाली काकू, जातो कधीतरी." नवी बसवली, बटण लावलं. घूं... आणि ते घूं चालूच राहिलं. किती दिवसांनी एखाद्या आवाजाने डोळ्यात पाणी आलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी, तापमापक उणे अठरावर आला असेल अशा बेताने, खण उघडला. पस्तीस पिशव्या टणक, ओरखडाही नाही. दाराशी असलेल्या तीन पिशव्यांचं दूध कडेने खाली ओघळून पुन्हा गोठलेलं दिसत होतं. त्या बाळाला द्यायच्या नाहीत असं सासूबाईंनी आणि मी ठरवलं. बाकीचं दूध ती परत येईपर्यंत बाळाला पुरलं. फोनवर मी तिला फक्त एवढंच सांगितलं, "पस्तीस." ती काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "काकू, मी रात्रभर इथे हॉटेलात दूध काढून बेसिनमध्ये ओतत होते." मला शिक्षकांची खोली आठवली. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथेच बसून राहिले.

त्या बाळाचा खण कधीच रिकामा झाला. आता ती मुलगी बालवाडीत जाते, खाली येते आणि "आजी, पिवळं दे" म्हणते. पिवळं म्हणजे आमरस. लेकीच्या वाट्याचा थोडा कमी होतो. लेकीला ते कळलंय आणि चाललंय.

पुण्यातल्या निम्म्या जुन्या सोसायट्यांसारखी आमची सोसायटीही आता पुनर्विकासाला जाणार आहे. दोन-अडीच वर्षं भाड्याच्या घरात, मग नवीन फ्लॅट. मुलगा म्हणाला, "आई, फ्रीझर काढून टाक आता. तुमच्या वयाला कशाला ती देखभाल? विजेचं बिल वेगळंच." बिलाचं म्हणाल तर आम्ही मीटर लावून पाहिलंय, दिवसाला साधारण सव्वा युनिट. देखभाल म्हणजे वर्षातून दोन दुपारी आणि महिन्या-दोन महिन्यांनी एक फडका. माझ्या गुडघ्यांची देखभाल याहून जास्त आहे.

वाड्यातल्या त्या काकूंचा फ्रीज पुढे कुठे गेला, मला माहीत नाही. पण त्यातला बर्फ माझ्या कपाळावर ठेवलेला मला आठवतो. आपल्याकडची एखादी वस्तू चार घरांच्या उपयोगी पडते तेव्हा ती फक्त आपली राहत नाही, आणि मग ती काढून टाकायचा निर्णयही फक्त आपला राहत नाही.

गेल्या आठवड्यात नव्या फ्लॅटचे नकाशे दाखवायला आर्किटेक्ट आले होते. सगळ्यांनी बाल्कनी, पार्किंग, देवघर विचारलं. माझी पाळी आली तेव्हा मी कोरड्या बाल्कनीच्या भिंतीवर पेन्सिलने एक खूण केली आणि म्हटलं, "इथे सोळा अँपिअरचं सॉकेट. उन्हापासून दूर, आणि दोन्ही बाजूंना चार बोटं जागा." त्यांनी लिहून घेतलं.